हाडांची झीज : संप्रेरके घ्यावीत की औषधे?

मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार ही नावे आता खेड्यापाड्यांतही घरोघरी पोहोचली आहेत. साखर तपासून घ्या, मीठ कमी करा, असे शेजारीपाजारीही एकमेकांना सांगतात. परंतु हाडे ठिसूळ होण्याच्या विकाराकडे मात्र आपले अजूनही लक्ष नाही. 'वय झाले, कंबर वाकणारच' असे म्हणून आपण तो विषय सोडून देतो. हा विकार मुकाट्याने येतो. त्यात ताप नसतो, आणि सुरुवातीला दुखतही नाही. एके दिवशी न्हाणीत पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते आणि मग घरच्यांना कळते की आत काही शिल्लकच राहिले नव्हते.

बँकेच्या खिडकीमागे बसणाऱ्याला हे चित्र रोजच दिसते. श्रावणबाळ किंवा निराधार योजनेचे पैसे घ्यायला येणाऱ्या कित्येक आजींचा आधी पासबुक धरलेला हात वर येतो, चेहरा नंतर दिसतो. तरुणपणी याच बायका डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन ताठ चालत होत्या. त्यांची उंची गेली कोठे? ती मणक्यांत गेली. ठिसूळ झालेले मणके एकामागून एक दबत गेले, आणि पाठ वाकली. हा वयाचा धर्म नसून एक रोग आहे, त्याला आता चांगले उपाय आहेत, आणि ते उपाय निरनिराळ्या स्त्रियांसाठी निरनिराळे आहेत, एवढे सांगण्यासाठी हा लेख लिहिला आहे. लेखक डॉक्टर नाही. औषध कोणते द्यायचे हे डॉक्टरांनीच ठरवायचे आहे. परंतु डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचे, हे तरी आपल्याला माहीत असले पाहिजे.

हाडांचे खाते

हाड म्हणजे दगड नव्हे. ते जिवंत असते. जुने हाड पोखरून काढणाऱ्या पेशी आणि नवे हाड भरणाऱ्या पेशी अशा दोन प्रकारच्या पेशी त्यात आयुष्यभर काम करीत असतात. आमच्या व्यवसायाच्या भाषेत सांगायचे तर एका बाजूने भरणा आणि दुसऱ्या बाजूने उचल चालू असते. बालपणी व तारुण्यात भरणा जास्त असतो. साधारण तिशीपर्यंत शिल्लक वाढत जाते. त्यानंतर ती काही वर्षे स्थिर राहते आणि पुढे हळूहळू घटू लागते.

स्त्रियांच्या शरीरात या उचलीवर नियंत्रण ठेवण्याचे काम इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक करते. संप्रेरक म्हणजे ग्रंथींतून रक्तात मिसळणारे आणि दूरच्या अवयवांना आज्ञा देणारे द्रव्य. इस्ट्रोजेन मुख्यत्वे बीजकोशात तयार होते. पाळी गेली की ते कमी होते, आणि हाड पोखरणाऱ्या पेशींवरचा लगाम सुटतो. त्यामुळे पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत झीज सर्वांत वेगाने होते.

ही झीज मोजण्यासाठी डेक्सा नावाची क्ष-किरण तपासणी आहे. निरोगी तरुण स्त्रीच्या सरासरीशी तुलना करून तिच्यात एक आकडा मिळतो, त्याला टी-स्कोअर म्हणतात. हा आकडा उणे २.५ किंवा त्याखाली गेला म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, अशी व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली प्रसिद्ध केली. पण तपासणीचे यंत्र जवळ नाही म्हणून निदान अडत नाही. उभ्या उंचीवरून साधे पडून मनगट, मणका किंवा खुबा मोडला, अथवा उंची दीड-दोन इंचांनी कमी झाली, तर ती हाडे ठिसूळ झाल्याचीच खूण समजावी.

पिशवी काढलेल्या बायका

भारतीय स्त्रीची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास जाते. परंतु आपल्या भागात पुष्कळ बायकांची पाळी जात नाही, ती घालवली जाते. 'पिशवी काढून टाकली' हे वाक्य आपण सर्वांनीच ऐकले आहे. अंगावरून जाते, पोटात दुखते, एवढ्या कारणावरून तिशी-पस्तिशीतल्या बाईचे गर्भाशय काढले जाते. काही वेळा त्याबरोबर दोन्ही बीजकोशही काढले जातात, आणि तिला त्याची कल्पनाही नसते.

आपल्या दक्षिणेला जालना जिल्हा ओलांडला की बीड जिल्हा लागतो. तेथील ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न २०१९ साली देशभर गाजला. बीडमधील ९९ खाजगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढल्याची माहिती त्या वर्षी विधिमंडळात देण्यात आली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. म्हणजे दर सहा बायकांमागे एक. पाळीमुळे कामाचा खाडा पडतो, खाडा पडला की मुकादमाचा दंड बसतो, हे त्यामागचे एक कारण होते.

या प्रश्नाच्या सामाजिक बाजूवर पुष्कळ लिहिले गेले. हाडांच्या बाजूची चर्चा मात्र फारशी झाली नाही. बीजकोश काढले की इस्ट्रोजेन एका दिवसात थांबते. नैसर्गिक रीतीने पाळी जाताना शरीराला जी सवड मिळते, ती येथे मिळत नाही. पस्तीसाव्या वर्षी बीजकोश काढलेल्या बाईची हाडे दहा-बारा वर्षे अगोदर झिजू लागतात, आणि त्याच हाडांवर ती उसाची मोळी उचलत असते. केवळ गर्भाशय काढले आणि बीजकोश ठेवले, तर संप्रेरक चालू राहते, पण तेही पुष्कळदा काही वर्षे आधी थांबते. पाळी येत नसल्यामुळे ते केव्हा थांबले हे तिला समजत नाही.

संप्रेरकांचा चढउतार

जे कमी पडले ते बाहेरून द्यावे, हा विचार सरळ आहे. इस्ट्रोजेनच्या गोळ्या दिल्या की हाडांची झीज थांबते, हे फार पूर्वीच लक्षात आले होते. गर्भाशय जागेवर असेल तर नुसते इस्ट्रोजेन देता येत नाही, कारण त्यामुळे गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होऊ शकतो. म्हणून त्यासोबत प्रोजेस्टेरॉन गटातील दुसरे संप्रेरक द्यावे लागते. १९९० च्या दशकात, विशेषतः पाश्चात्त्य देशांत, ही संप्रेरके पाळी गेलेल्या लक्षावधी स्त्रियांना दिली जात होती. त्यांनी हाडेही सांभाळली जातात आणि हृदयही, असा समज होता.

हा समज तपासण्यासाठी अमेरिकेत 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' नावाचा मोठा प्रयोग झाला. त्यातील दोन संप्रेरकांच्या गटात १६,६०८ स्त्रिया होत्या. काहींना खरी गोळी आणि काहींना तशीच दिसणारी पोकळ गोळी देण्यात आली. जुलै २००२ मध्ये, ठरलेल्या मुदतीपूर्वीच, हा भाग थांबवावा लागला. संप्रेरके घेणाऱ्यांत, दरवर्षी दर दहा हजार स्त्रियांमागे, खुब्याचे अस्थिभंग ५ ने आणि मोठ्या आतड्याचे कर्करोग ६ ने कमी झाले होते. मात्र स्तनाचे कर्करोग ८ ने, पक्षाघात ८ ने, हृदयविकाराच्या घटना ७ ने आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याचे प्रकार ८ ने वाढले होते. ही बातमी येताच जगभर डॉक्टरांनी संप्रेरके लिहून देणे एकदम कमी केले.

येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट बारकाईने पाहावी. कोणताही आकडा वाचताना तो कोणाचा आहे हे आधी विचारावे. या प्रयोगातील स्त्रियांचे सरासरी वय त्रेसष्ट होते. बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षे लोटली होती. पुढे वयोगटांनुसार पाहिले तेव्हा साठीच्या आतील, किंवा पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या स्त्रियांत धोका बराच कमी आढळला. शिवाय गर्भाशय काढलेल्या १०,७३९ स्त्रियांचा एक वेगळा गट होता. त्यांना फक्त इस्ट्रोजेन दिले गेले. तो भाग २००४ मध्ये थांबवला. त्यांच्यात पक्षाघात वाढला, खुब्याचे अस्थिभंग कमी झाले आणि स्तनाच्या कर्करोगात वाढ दिसली नाही. २०१७ साली अठरा वर्षांचा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात संप्रेरके घेणाऱ्या स्त्रियांत एकूण मृत्यू वाढल्याचे आढळले नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांच्या वेष्टनावरील सर्वांत कडक इशाऱ्यांपैकी बहुतेक काढून टाकण्याचे जाहीर केले.

म्हणजे १९९० च्या दशकात सरसकट 'घ्या' म्हटले गेले, २००२ नंतर सरसकट 'नको' म्हटले गेले, आणि दोन्ही वेळा वयाचा हिशेब नीट झाला नाही. संप्रेरकांची एक मर्यादा मात्र कायम आहे. गोळी चालू असेपर्यंतच हाडांना संरक्षण मिळते. बंद केली की झीज पुन्हा सुरू होते. स्तनाचा कर्करोग, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, रक्ताच्या गुठळ्या किंवा यकृताचा गंभीर विकार झालेल्या स्त्रीला ती साधारणतः देत नाहीत. कारण न कळता अंगावरून रक्त जात असेल तर आधी त्याची तपासणी करावी लागते.

हाडांची औषधे

दुसरा मार्ग हाडांवर थेट काम करणाऱ्या औषधांचा आहे. त्यांत बिस्फॉस्फोनेट गट सर्वांत जुना व रुळलेला आहे. हे औषध हाडाला चिकटून बसते आणि हाड पोखरणाऱ्या पेशींना आवरते. या गटातील अ‍ॅलेन्ड्रोनेट १९९५ साली अमेरिकेत बाजारात आले. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात, आधीच मणका दबलेल्या स्त्रियांत खुब्याचे अस्थिभंग त्याने निम्म्यावर आणले. ही गोळी आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते. त्यानंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही आणि काही खायचे-प्यायचे नाही. आपल्याकडे उठल्याबरोबर चहा लागतो. चहासोबत घेतलेली गोळी जवळजवळ वाया जाते, आणि गोळी घेऊन लगेच आडवे झाल्यास अन्ननलिकेला जखम होऊ शकते.

याच गटातील झोलेड्रोनिक आम्ल वर्षातून एकदा सलाईनसारखे शिरेतून देतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या तीन वर्षांच्या प्रयोगात त्याने मणक्याचे अस्थिभंग सत्तर टक्क्यांनी आणि खुब्याचे सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी केले. पहिल्या वेळी एक-दोन दिवस ताप व अंगदुखी येते, तिला घाबरू नये. ही दोन्ही औषधे आता अनेक कंपन्या बनवतात. ती काही वर्षे घेतल्यावर, गोळी साधारण पाच आणि सलाईन तीन वर्षांनंतर, धोका फार नसेल तर डॉक्टर सुट्टी देतात. औषध हाडात साठलेले असल्यामुळे त्या सुट्टीतही त्याचा उपयोग चालू राहतो. आमच्या भाषेत ती मुदत ठेव आहे.

डेनोसुमॅब हे दर सहा महिन्यांनी टोचायचे इंजेक्शन प्रभावी आहे, पण ते हाडात साठत नाही. एक मात्रा चुकली किंवा मध्येच बंद केले तर झीज उसळून येते आणि एकाच वेळी अनेक मणके मोडू शकतात. टेरिपॅराटाइड हे नवे हाड बांधणारे औषध रोज टोचावे लागते, साधारण दोन वर्षे देतात, आणि ते महाग आहे. रॅलॉक्सिफेन ही गोळी मणक्यांना उपयोगी पडते, परंतु खुब्याचे अस्थिभंग कमी करीत नाही, आणि रक्ताच्या गुठळीचा धोका तिच्यातही आहे.

दोष येथेही आहेत. बिस्फॉस्फोनेट व डेनोसुमॅब घेणाऱ्यांत क्वचित जबड्याचे हाड उघडे पडते, विशेषतः दात काढल्यानंतर. मशेरी-तंबाखूने ज्यांचे दात खराब झाले आहेत, त्यांनी आधी दात दाखवून घ्यावेत. बरीच वर्षे औषध घेतल्यावर क्वचित मांडीचे हाडच मोडते. त्याआधी पुष्कळदा मांडीत किंवा जांघेत दुखत राहते. ते अंगावर काढू नये.

तोलून पाहता

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. यासाठी दोन स्त्रिया डोळ्यांसमोर आणाव्यात.

पहिली अडतीस वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी पिशवी काढली, बीजकोशही काढले. अंगातून वाफा निघतात, झोप नाही, सांधे धरतात. अशा स्त्रीला, वर सांगितलेली कोणतीही अडचण नसेल तर, संप्रेरके देणे हाच पहिला उपाय मानला जातो. तिच्या बाबतीत ते वाढीव औषध नसून, शरीरात या वयात असायलाच हवे होते ते परत देणे आहे. नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत, ते द्यावे असे तज्ज्ञांचे मत आहे. साठीच्या बायकांवरील प्रयोगाचे आकडे दाखवून तिला भीती घालणे योग्य नाही. गर्भाशय नसल्यामुळे तिला एकटे इस्ट्रोजेन पुरते. त्वचेला लावायचे जेल किंवा पट्टी वापरल्यास गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी असल्याचे दिसते.

दुसरी अडुसष्ट वर्षांची आहे. मनगट मोडून गेले आहे आणि पाठ वाकू लागली आहे. तिला या वयात नव्याने संप्रेरके सुरू करणे धोक्याचे आहे. तिच्यासाठी बिस्फॉस्फोनेट योग्य, आणि ते लवकर सुरू करावे, कारण एकदा हाड मोडल्यावर पुढच्या एक-दोन वर्षांत दुसरे मोडण्याचा संभव सर्वाधिक असतो.

या दोघींच्या मध्ये, पन्नास ते साठ वयाच्या स्त्रिया येतात. पाळी जाण्याचा त्रास फार असेल आणि हाडेही झिजत असतील, तर संप्रेरकांनी दोन्ही कामे होतात. त्रास नसून केवळ हाडांचा प्रश्न असेल, तर हाडांचे औषध बरे. म्हणून 'संप्रेरके चांगली की औषधे?' या प्रश्नाला एक उत्तर नाही. कोणासाठी, कोणत्या वयात आणि पाळी कशी गेली, हे सांगितल्याशिवाय तो प्रश्नच अपुरा आहे.

आपल्या जिल्ह्यापुरते

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्टा आपल्या जिल्ह्यातून जातो. संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत मूत्रपिंडाच्या विकाराचे रुग्ण किती आहेत हे आपणास सांगावयास नको. बिस्फॉस्फोनेट शरीराबाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडच करते, आणि ते दुबळे असेल तर हे औषध देत नाहीत. म्हणून या भागातील स्त्रीने रक्तातील क्रिएटिनिन तपासल्याशिवाय ते सलाईन कधीही लावून घेऊ नये. तसेच रक्तातील कॅल्शियम व ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते आधी भरून काढावे लागते, नाहीतर औषधानंतर कॅल्शियम एकदम खाली जाऊ शकते.

कामासाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांनी वेळापत्रकाचाही विचार करावा. ऊसतोडीला गेलेली टोळी पाच-सहा महिने परत येत नाही. सहा महिन्यांच्या तारखेला बांधलेले इंजेक्शन अशा बाईच्या बाबतीत चुकण्याचाच संभव जास्त. मूत्रपिंड ठीक असेल तर गावी असताना वर्षातून एकदा घेण्याचे औषध तिला अधिक सोयीचे पडते. ही अडचण तिने डॉक्टरांना आपणहून सांगावी.

औषध कोणतेही असो, ते गवंड्यासारखे आहे. विटा आपणच पुरवायच्या असतात. प्रौढ माणसाला रोज सुमारे एक हजार मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, पाळी गेलेल्या स्त्रीला बाराशे. शंभर ग्रॅम ज्वारीत ते तीस मिलिग्रॅमही नसते, नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असते, तिळात त्याहून पुष्कळ अधिक. म्हणून भाकरी-ठेच्यावर भागवणाऱ्या घरात तिळाची चटणी, शेवग्याचा पाला, राजगिरा, ताक यांना रोजची जागा मिळाली पाहिजे. हातापायांवर ऊन घ्यावे, रोज चालावे. घरात न्हाणीचे शेवाळ खरवडावे आणि रात्री उठण्याच्या वाटेवर दिवा ठेवावा, कारण न पडणे हाही उपचारच आहे. गुडघेदुखीवर चटकन आराम देणाऱ्या बिननावाच्या पुड्या घेऊ नयेत. त्यांत स्टिरॉइड असू शकते, आणि दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड पुरुषांचीही हाडे पोखरते.

शेवटी, प्रत्येक घराने करावयाचे एक काम. ज्या बाईची पिशवी काढली आहे, तिचा दवाखान्याचा कागद शोधावा. सापडत नसेल तर त्या दवाखान्यातून नक्कल मागावी, तो तिचा हक्क आहे. शिकलेल्या मुला-मुलींनी तो वाचून दाखवावा आणि डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत : 'आईचे बीजकोश ठेवले आहेत की काढले? काढले असतील तर तिला संप्रेरके का दिली नाहीत? आणि तिच्या हाडांची तपासणी केव्हा करायची?' शस्त्रक्रिया अजून व्हायची असेल, तर बीजकोश वाचवता येतील का, हा प्रश्न सहीच्या आधी विचारावा. आपल्या मंडळातील विद्यार्थ्यांनी आपापल्या गल्लीतील दोन-दोन घरी हे काम अंगावर घेतले, तर पुष्कळ मायमाउल्यांच्या पाठी वाकण्याआधीच सांभाळता येतील.